सातवी फेरी

“एवढीच?” हॉल्स्टेड साहेबांनी विचारलं.

समोरच्या उतारावर गुरं चरत होती आणि त्यांचा मालक काठीवर भार देऊन एका पायावर उभा होता. अराप तुवेई त्याचं नाव. साठीचा असेल. खांद्यावर विटकरी घोंगडी, कानाच्या पाळ्या ताणून खांद्याला टेकलेल्या, आणि चेहऱ्यावर मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं बापाच्या चेहऱ्यावर असतो तसला अवघडलेला अभिमान.

“म्झे, गुरं किती आहेत?” मी विचारलं. म्झे म्हणजे आपल्याकडं बाबा म्हणतात तसं. तिकडं म्हाताऱ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत. साहेब मारत.

त्यानं आकडा सांगितला नाही. नावं घ्यायला लागला. त्या टेकड्यांवरचे लोक गुरं मोजत नाहीत. मोजलेलं जनावर जगत नाही म्हणतात. मूळची नावं माझ्या जिभेला तेव्हाही पेलत नव्हती, पण सगळी रंगारूपावरून पडलेली, आपल्यासारखीच. ढवळी, खैरी, बांडी, मोडशिंगी. सगळ्यांत पहिली कवडी. काळीभोर, कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका. ती चालायला लागली की बाकीची मागून चालत. ती मात्र फक्त म्हाताऱ्याच्या शिट्टीवर चाले.

मी हात पाठीमागं लपवून बोटांवर मोजत गेलो. “चव्वेचाळीस, सर.”

“करम,” साहेब म्हणाले, “गव्हर्नरसाहेबांना लंडनमध्ये समृद्धी दाखवायची आहे. ही समृद्धी नाही. हे एक कुटुंब आहे.”

माझं आडनाव करंबेळकर. साहेब करमवर थांबत. पुढचं त्यांना झेपत नसे. कोल्हापुरात मी एका स्टुडिओत कॅमेऱ्याला असिस्टंट होतो. स्टुडिओ बसला, तेव्हा एका ओळखीनं बोटीत बसलो आणि पूर्व आफ्रिकेतल्या एका इंग्रजी वसाहतीच्या सरकारी फिल्म युनिटात चिकटलो. वसाहतीचं नाव आता बदललंय, त्यामुळं जुनं सांगण्यात अर्थ नाही. नोकरी तात्पुरती होती. कायम झाल्याशिवाय बायकोला आणायची परवानगी मिळत नसे, आणि लग्न होऊन सव्वा वर्ष झालेली कुमुद कोल्हापुरात माझ्या आईच्या हाताखाली होती. दर पंधरवड्याला तिचं पत्र येई. त्यात आईबद्दल एकही तक्रार नसे. तेच भीतिदायक होतं. माझा कायम होण्याचा अर्ज चार महिने साहेबांच्या टेबलावर होता. त्यावर ते चहाचा कप ठेवीत.

“सर,” मी म्हटलं, “यांची तीनशे करता येतील.”

यात माझी हुशारी काही नव्हती. कोल्हापूरच्या माळावर आम्ही पंचवीस घोड्यांत औरंगजेबाची फौज उभी करत असू. टेकाडाच्या एका अंगानं घोडे यायचे, कॅमेऱ्यासमोरून धुरळा उडवत जायचे, मागून वळसा घालून परत पहिल्या जागी. दर फेरीला पागोटी बदलायची आणि कॅमेऱ्याची जागाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तेच पंचवीस जण मावळे असत; जेवून मोगल होत. प्रेक्षक रडत, शिट्ट्या मारत. घोडे कुणी मोजले नाहीत.

इथंही एक टेकडी होती. पावाच्या लादीसारखी, खोऱ्याच्या मधोमध.

मी म्हाताऱ्याला समजावलं. गुरं इकडून येतील, कॅमेऱ्याच्या डब्यासमोरून जातील, टेकडीमागून फिरून परत इकडून. तू मागं थांबायचं, शिट्टी घालून वळवायचं.

“कशाला?”

“राजाच्या माणसांना बघायचीत.”

“मग एकदा बघू देत. परत परत काय बघायचंय? त्यांना दिसत नाही का?”

“फारसं नाही,” मी म्हटलं.

त्यावर तो पोट धरून हसला. पुढच्या दातांच्या जागी दोन कोनाडे दिसले. एकच अट त्यानं घातली: मागं उभा राहीन, पण गुरं समोरून जाताना प्रत्येकीचं नाव घेईन, त्याला वेळ द्यायचा. जनावर नाव न घेता पुढून जाऊ दिलं तर ते परत येत नाही.

“सगळ्या फेऱ्यांना?”

“तुझी बायको दुसऱ्यांदा दारातून गेली तर तिला ओळख देत नाहीस?”

सात फेऱ्या झाल्या. कॅमेरा चावीचा होता, एका चावीत दोन मिनिटं चाले. मी एकदा जमिनीला टेकून घेतलं, एकदा गवताआडून, एकदा गाडीच्या टपावरून. पागोटी बदलायची सोय नव्हती. कवडी दर वेळी सगळ्यांत पुढं, कपाळावरचा ठिपका उन्हात चमकवत. मी साहेबांना म्हटलं, “सर, तेवढं ते कपाळ चिखलानं झाकू?”

“करम,” साहेब म्हणाले, “लंडनमध्ये गाईचं तोंड कोण बघतं?”

टेकडीमागून म्हाताऱ्याचा आवाज येत होता. चव्वेचाळीस नावं, सात वेळा. शेवटी घसा इतका बसला की नावांऐवजी नुसता वारा ऐकू यायला लागला. पण एकही सोडलं नाही. संध्याकाळी गुरं घरी गेली. जाताना त्यानं मला एक हात उघडून पाच बोटं दाखवली, मग दुसऱ्या हाताची दोन. “सात वेळा,” तो म्हणाला. “एवढी तर माझी पोरगी सासरी जातानाही मागं वळली नव्हती.”

गुरं न मोजणारा माणूस फेऱ्या मात्र मोजून होता.

बातमीपट लंडनला गेला. तिथं त्यावर बँड चढवला आणि एका घोगऱ्या माणसानं ‘सुखी गुराख्यांचं खोरं’ असं काहीसं म्हटलं. गव्हर्नरसाहेब खूश झाले. साहेबांना शाबासकीचं पत्र आलं. त्यांनी ते मला दाखवलं आणि माझ्या अर्जावरचा कप उचलून पलीकडं ठेवला.

पण एका खात्याची समृद्धी दुसऱ्या खात्याला गुन्हा वाटते. जमिनीची धूप थांबवणारं एक नवं खातं निघालं होतं. त्या जिल्ह्याचा अधिकारी क्रॉली नावाचा तरणाबांड गोरा होता, विलायतेहून येऊन दहा आठवडे झालेला. त्यानं राजधानीच्या थिएटरात आमचा बातमीपट पाहिला आणि त्याची झोप उडाली. त्या खोऱ्यात माणशी साठ गुरांची परवानगी होती. क्रॉलीनं आमच्या युनिटकडून न कापलेली मूळ रिळं मागवली, भिंग घेऊन बसला आणि मोजली. तीनशे आठ. आणि मग चौकशीला आला.

चौकशी मक्याच्या कोठारात झाली, भर दुपारी. अंधारासाठी झरोक्यांना पोलिसांच्या घोंगड्या लावल्या. आत मक्याचा भुसा, घाम आणि जनरेटरचा धूर. पडदा म्हणून इस्पितळाची चादर. मी प्रोजेक्टरवर. पुढं क्रॉली, त्याच्या बाजूला हॉल्स्टेड साहेब, आणि दुभाषा एझेकिएल. तो मिशनच्या शाळेत शिकलेला, दुसऱ्या जिल्ह्याचा, पांढराफेक शर्ट, कानाला पेन्सिल. म्हाताऱ्याला सगळ्यांत पुढं बाकावर बसवलं होतं. त्यानं सिनेमा जन्मात पाहिलेला नव्हता.

रीळ सुरू झालं. चादरीवर धूळ उठली आणि धुळीतून कवडी आली.

म्हातारा ताडकन उभा राहिला.

“कवडी!”

“काय म्हणतोय?” क्रॉलीनं विचारलं.

“गाईचं नाव घेतोय, सर,” एझेकिएल म्हणाला.

“घेऊ दे. प्रत्येक नावाला एक रेघ ओढ.”

म्हातारा हात पसरून चादरीशी गेला. ढवळी. खैरी. बांडी. त्याची सावली गुरांवर पडत होती आणि गुरं त्या सावलीतून चालत होती. “मोडशिंगी! अगं, हळू!” एझेकिएल रेघा ओढत होता, चार उभ्या, पाचवी आडवी. चव्वेचाळीस झाल्या. चादर क्षणभर रिकामी झाली, आणि परत धुळीतून कवडी आली.

“परत आली!” म्हातारा हसत आमच्याकडं वळला. “बघा, परत आली!” आणि पुन्हा पहिल्यापासून नावं घ्यायला लागला.

एझेकिएलची पेन्सिल थांबली. त्यानं मान वळवून प्रोजेक्टरच्या उजेडातून माझ्याकडं पाहिलं. मी भिंग पुसायला घेतलं. ते स्वच्छ होतं. थोड्या वेळानं पेन्सिलचा आवाज पुन्हा सुरू झाला.

सातही फेऱ्यांत म्हाताऱ्यानं एकही नाव सोडलं नाही. शेवटी घोंगड्या काढल्या तेव्हा त्याचे डोळे वाहत होते आणि तो लहान पोरासारखा खूश होता.

“किती?”

“तीनशे आठ रेघा, सर.”

“माझाही आकडा तोच आहे,” क्रॉली म्हणाला. “विचार, ही सगळी त्याचीच?”

“माझीच,” म्हातारा छातीवर हात ठेवून म्हणाला. “सगळी माझीच.”

“मग गोठ्यात चव्वेचाळीसच कशी? बाकीची कुठं आहेत?”

“कुठली बाकीची? हीच टेकडीमागून गेली, परत आली. या मुहिंद्याला विचारा. यानंच फिरवली.” मुहिंदी म्हणजे हिंदुस्थानचा माणूस, म्हणजे मी.

एझेकिएलनं शब्दाला शब्द सांगितलं. त्यानं कधी एक शब्द कमी-जास्त केला नाही. त्याचा तो लौकिक होता.

क्रॉली मूर्ख नव्हता. तो हॉल्स्टेड साहेबांकडं वळला. “असं असू शकतं का?”

साहेबांनी पाइप तोंडाच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवला. बातमीपटाच्या सुरुवातीलाच पाटी होती: ‘प्रत्यक्ष दृश्यं.’ गव्हर्नरांचं पत्र चौकट करून साहेबांच्या कचेरीत लटकलं होतं. “माझा कॅमेरामन सांगेल,” ते म्हणाले. त्यांनी मला आजवर असिस्टंटच म्हटलं होतं. “सांगा, मिस्टर करंबेळकर.”

आडनाव पूर्ण उच्चारलं. न अडखळता.

“सर,” मी क्रॉलीला म्हटलं, “कॅमेऱ्यासमोरून जे जातं तेच कॅमेरा टिपतो.”

“पण नावं तीच तीच आली. मला ऐकू येतं.”

“आमच्या मुलखातही दर घरी एक कपिली असते, सर. यांच्याकडं अशा पुष्कळ असतात.”

क्रॉलीनं ते लिहून घेतलं. कपिलीचं स्पेलिंग विचारलं. मी सांगितलं.

“हा काय म्हणाला?” म्हाताऱ्यानं एझेकिएलला विचारलं.

एझेकिएलनं माझ्याकडं पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यानं शब्दाला शब्द ठेवला नाही. “तुझ्या गुरांची तारीफ केली.”

म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला.

निकाल त्याच दुपारी झाला. चव्वेचाळीस गुरं साठापेक्षा कमी आहेत हे सरकारला मान्य होतं. पण त्यानं आणखी दोनशे चौसष्ट लपवली होती; परवानगीची साठ त्यानं त्या लपवलेल्यांतून ठेवावीत, सरकारची हरकत नाही. समोर दिसत होती तेवढी जप्तीत धरली. तीनशे आठांतून साठ वजा जाता जप्ती एकूण दोनशे अठ्ठेचाळीसची. उरलेली हजर करेपर्यंत म्हाताऱ्याला अटक.

बाहेर एझेकिएल पेन्सिलीला टोक करत उभा होता.

“बाबू,” तो म्हणाला, “तुमच्याकडं खरंच एवढ्या कपिल्या असतात?”

“तुझ्या रेघा तू ओढल्यास.”

“मला ओढायला सांगितल्या होत्या. तुला फक्त विचारलं होतं.” त्यानं टोक फुंकलं. “बायको कधी येतेय?”

पोलिसांनी तीन आठवडे टेकडीमागचं रान विंचरलं. एक हत्तीचा सांगाडा सापडला. म्हाताऱ्यालाही विंचरलं, रोज थोडं थोडं. तो रोज तीच चव्वेचाळीस नावं सांगे. चौथ्या आठवड्यात क्रॉलीला घाम फुटला. दोनशे अठ्ठेचाळीसचा अहवाल त्यानं वर पाठवून दिला होता, आणि वरून जप्तीची फिल्म मागवली होती. इतर जिल्ह्यांना धडा म्हणून दाखवायची होती. कारखान्यानं लॉऱ्याही धाडल्या होत्या. डबाबंद मांसाचा कारखाना.

साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर माझा अर्ज होता, त्यावर कप नव्हता, सही होती, तारीख नव्हती.

“करम, चव्वेचाळीसांची दोनशे अठ्ठेचाळीस होतील?”

“सहा फेऱ्यांत दोनशे चौसष्ट होतात, सर. सोळा जास्त.”

“जास्तीबद्दल सरकार तक्रार करत नाही.”

“पण कवडी शिट्टीशिवाय हलत नाही.”

“मग शिट्टी आण,” साहेब म्हणाले.

कोठडी म्हणजे पत्र्याची खोली होती. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. एक डोळा मिटलेला, डाव्या हाताची दोन बोटं कापडात बांधलेली. मला पाहून उठायला लागला.

“बस, म्झे.”

“तू माझ्या बाजूनं बोललास,” तो म्हणाला. “तरी ऐकत नाहीत. फार हट्टी लोक.”

“आता सुटशील. राजाच्या माणसांना परत बघायचीत. तशाच फेऱ्या. त्याच टेकडीला.”

“परत?” त्याला हसू आलं, मग ओठ दुखला. “खरंच दिसत नाही बाबा यांना. मग मी घरी?”

“तू घरी.”

“आणि गुरं?”

“मागच्या खेपेला फेऱ्या झाल्यावर गुरं कुठं गेली होती?”

“घरी.”

“मग?” मी म्हटलं.

मी एकही खोटं वाक्य बोललो नाही. एझेकिएल असता तर त्यानंही शब्दाला शब्द तेच सांगितलं असतं.

टेकडीसमोर खांबांचा कोंडवाडा बांधला होता. पुढं मोठं फाटक, त्यावर सरकारी पाटी. मागच्या बाजूला दोन खांब सुटे ठेवले होते. गुरं पुढून आत शिरत, फिल्मवर जप्त होत, मागच्या फटीतून बाहेर पडत आणि टेकडीमागं जात. तिथं म्हातारा. एका हातानं काठी धरून, नावं घेत, शिट्टी घालत त्यांना परत पाठवत होता. सुजलेल्या ओठातून शिट्टी नीट निघत नव्हती, पण कवडीला कळत होती. चार आठवड्यांनी त्याचा आवाज ऐकून ती पहिल्या फेरीला तर पळतच गेली. मला कॅमेरा पटकन वळवावा लागला.

सहावी फेरी फाटकातून आत गेली. क्रॉलीनं हात खाली केला. एझेकिएलनं मागचे दोन खांब बसवले. पांढरा शर्ट मळू नये म्हणून बाह्या दुमडून, बेतानं. लॉऱ्यांची फळी पडली.

“छान,” साहेब म्हणाले. “वरून एक शॉट घे. सगळं एकत्र दिसेल असा.”

मी कॅमेरा घेऊन टेकडीवर चढलो. वरून दोन्ही अंगं दिसत होती. पुढं लॉऱ्या, मागं म्हातारा. तो वळणाकडं तोंड करून उभा होता. मला पाहिल्यावर त्यानं हात वर केला, पाच बोटं. दुसऱ्या हाताचं कापडातलं जोडबोट. सात.

मी कॅमेऱ्याला चावी दिली. त्यानं शिट्टी घातली. पुढच्या बाजूनं, लॉरीतून, कवडी हंबरली. फळीवर खुरांचा दणदणाट झाला. पुन्हा शिट्टी. पुन्हा हंबरली, या वेळी लांबून, कारण लॉरी सुरू झाली होती. फिल्म मुकी होती, आवाज लंडनला भरत. मी शॉट घेतला. चांगला आला.

खाली उतरताना मला त्याच्याजवळून जावं लागलं. दुसरी वाट नव्हती. तो काठीवर वाकून काहीतरी पुटपुटत होता, अडखळत होता, परत पहिल्यापासून सुरू करत होता.

“मुहिंदी, थांब,” तो म्हणाला. “सहाव्या फेरीला घाई झाली रे. धूळ फार होती, आणि मला एकाच डोळ्यानं दिसतंय. कुणाचं तरी नाव घ्यायचं राहिलं माझ्याकडून. म्हणून आली नाहीत.” त्यानं माझी बाही धरली. “तुझ्या डब्यात बघ ना. कुणाचं राहिलं?”

“बघून सांगतो,” मी म्हटलं.

तो परत सुरू झाला. कवडी, ढवळी, खैरी.

त्याच संध्याकाळी अर्जावर तारीख पडली. कुमुद तीन महिन्यांनी आली. बोटीनं आंबून, वाळून आली होती, पण हसत होती. पहिल्याच शनिवारी मी तिला थिएटरात नेलं. हिंदुस्थानी लोकांची रांग मागं होती, पण बाकं गादीची होती. मुख्य चित्रपटाआधी बातमीपट लागला. बँड वाजत होता. फाटकातून गुरं आत जात होती. घोगरा माणूस आकडा सांगत होता.

कुमुद कागलची, शेतकऱ्याच्या घरातली. ती पुढं वाकली.

“अहो,” तिनं कोपरानं ढोसलं, “ती काळी पाहिलीत? कपाळावर ठिपक्याची? मघापासून तीच जातीय आत. सहादा गेली.”

“वेगवेगळ्या आहेत त्या,” मी म्हटलं. “यांच्याकडं अशा पुष्कळ असतात.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. अंधारात चेहरा दिसला नाही. मग ती परत पडद्याकडं वळली आणि काळी परत येण्याची वाट बघत राहिली. तोवर दुसरी बातमी लागली होती. राजेसाहेबांच्या घोड्यांची शर्यत.